गुराब की गलबत?

जहाज विकत घेणाऱ्याने अगर बांधून घेणाऱ्याने पहिल्याने विचारावयाचा प्रश्न ते किती मोठे आहे, हा नव्हे. ते कोणत्या पाण्यात, कोणत्या वाऱ्यावर आणि कोणाच्या पैशाने चालावयाचे आहे, हा खरा प्रश्न. शिडाची नौका घेऊ पाहणारे शहाणे गिऱ्हाईक आजही दोन मध्यम आकाराच्या नौका शेजारी शेजारी पाहते आणि अशाच चौकशा करते. हिचे बूड पाण्यात किती खोल जाते, वारा पडला म्हणजे ही काय करणार, किती माणसांत हाकता येते, पावसाळ्यात हिला ठेवावयाची कोठे? मराठी राज्याने तीनशे वर्षांपूर्वी याच चौकशा केल्या, आणि विशेष म्हणजे त्यांचा निकाल लिहून ठेवला. आरमाराच्या लढायांची वर्णने आपण पुष्कळ वाचतो; परंतु लढावयास जी जहाजे पाठविली ती तशीच का बांधली, त्यांहून मोठी का बांधली नाहीत, हा हिशेबाचा भाग सहसा कोणी उघडून पाहत नाही. तो पाहण्याजोगा आहे.

हा निकाल आहे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात. इ. स. १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ पाच छत्रपतींच्या कारकिर्दी पाहिलेल्या, हयात कारभारात गेलेल्या पुरुषाने सिद्ध केलेला. त्याच्या आरमारविषयक प्रकरणात अमात्य सांगतात की, गुराबा बांधाव्या त्या फार थोर नव्हेत, फार लहानही नव्हेत, मध्यम बेताच्या, गलबतेही तशीच. वाऱ्यावाचून जे हलणारच नाही असे मोठे जहाज बांधण्याचे प्रयोजन नाही. पुढे लगेच नेमणूक येते : पाच गुराबा व पंधरा गलबते मिळून एक सुभा. आणि त्यापुढे खर्चाची तजवीज : आरमारासाठी मुलूख तोडून द्यावा, बंदरांच्या मिळकतीवर त्याचा बोजा टाकू नये, कारण तसे केले तर आरमारवाले आपल्या पोटासाठी सावकारांना नाडतील, आणि सावकारी बुडाली म्हणजे बंदरेही बुडतील. कचेरीत ज्याने चार वर्षे काढली आहेत त्याला हे वाचताना ओळखीचे हसू आल्यावाचून राहणार नाही. वस्तूचे वर्णन, मंजूर संख्या आणि खर्चाचे सदर, तिन्ही एकाच टिपणात आली आहेत. शिवाय खर्चाचे सदर चुकीचे घातले तर चांगली वस्तूही कशी नासते, हे सांगणारी पुस्तीही जोडलेली आहे. आमच्या काळातील कित्येक टिपणांत हे शेवटचे वाक्य सापडत नाही.

आता ही दोन जहाजे होती तरी कशी? त्यांचे सर्वांत बारकाईचे वर्णन शत्रुपक्षाकडून मिळते, हे काही नवल नव्हे. ज्याला पुन्हा पुन्हा मार बसतो तो मारणाऱ्याचा हात नीट न्याहाळतो. कंपनीच्या नोकरीत राहिलेला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने आंग्र्यांच्या आरमाराविषयी जे लिहिले त्यावरून चित्र स्पष्ट होते.

गुराब हा शब्द अरबी; अर्थ कावळा. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत, क्वचित तीन. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोनांची १५० टनांच्या आतली. लांबीच्या मानाने ती बरीच रुंद, आणि तिचे बूड पाण्यात थोडेच बुडणारे. मध्यापासून पुढे ती निमुळती होत जाई, आणि इतर जहाजांना जेथे फुगीर तोंड असते तेथे हिला लांब चोच असे. ही चोच वरून तक्तपोशीने झाकलेली, पण तिच्या कडांना कठडा मुळीच नाही. याचे कारण मोठे सरळ आहे. समोरून लाटा आल्या म्हणजे अशा बांधणीचे जहाज जोराने खाली-वर आपटते आणि चोचीवर पाणी चढते. कठडा नसला की ते पाणी अडून न राहता दोन्ही बाजूंनी वाहून जाते. चोचीच्या मागच्या आडव्या भिंतीत भोके ठेवून तेथे दोन तोफा बसवीत, नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या, आणि त्या चोचीवरून थेट पुढे मारा करीत. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी.

गलबत हे त्याच घाटाचे, पण धाकटे. मोठ्यात मोठे गलबत ७० टनांपलीकडे क्वचितच जाई. त्याला डोलकाठ्या दोन, त्यांतली मागची अगदी नाजूक. पुढच्या मुख्य काठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड. ते उभारले म्हणजे त्याचे टोक काठीच्याही वर कितीतरी उंच जाई. वरची तक्तपोशी हलकी राहावी म्हणून पुष्कळदा चिरलेल्या बांबूंची करीत, आणि अशा गलबतांच्या काठांवर फिरत्या खुंट्यांवरच्या लहान तोफाच काय त्या असत. सर्वांत मोठ्या गलबतांना मात्र पक्की तक्तपोशी आणि दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा. पण गलबताचे खरे बळ शिडात नव्हते व तोफांतही नव्हते; ते चाळीस-पन्नास वल्ह्यांत होते. वारा संपूर्ण पडला तरी ते ताशी चार मैल चाले.

ही वर्णने शेजारी ठेवली म्हणजे दोघांचे गुणदोष आपोआप समोर येतात. गुराबेजवळ तोफ आहे, पण वाऱ्याविना ती पांगळी. गलबताजवळ वेग आहे, वारा नसतानाही चालण्याची ताकद आहे, पण त्याच्या तोफेने मोठ्या जहाजाचे फारसे काही बिघडत नाही. तेव्हा गुराब घ्यावी की गलबत, हा प्रश्न आज्ञापत्राने ज्या रीतीने सोडविला आहे ती रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याने निवड केलीच नाही. त्याने प्रमाण ठरविले. एका गुराबेमागे तीन गलबते.

हे प्रमाण तीनच का, याचे कारण अमात्यांनी दिलेले नाही. परंतु लढण्याची पद्धत पाहिली की ते बरेचसे उलगडते. ऑर्मने ती दिली आहे. शत्रूचे जहाज दृष्टीस पडले की आरमार दोर सोडून बाहेर पडे. वारा असला तर जो तो आपल्या शिडावर जाई. वारा पडला तर गलबते गुराबांना दोर लावून ओढीत नेत. तोफेच्या टप्प्यात आल्यावर सारी मंडळी शत्रूच्या पिछाडीस गोळा होत, कारण जहाजाच्या पिछाडीस तोफा थोड्या असतात, आणि गुराबांच्या पुढच्या तोफा तेथून शत्रूच्या डोलकाठ्यांवर चालू होत. डोलकाठ्या पडल्या, जहाज लुळे झाले, की जवळ येऊन चोहोंकडून मारा. तरीही ते शरण येईना, तर दोन-दोनशे, तीन-तीनशे माणसे भरलेली गलबते एकाच क्षणी सर्व बाजूंनी जाऊन भिडत आणि माणसे तलवारी उपसून वर चढत. अर्थात् गलबत हे गुराबेचे बैल, तेच तिचे पायदळ. एकटी गुराब शांत समुद्रात एखाद्या किल्ल्यासारखी जागच्या जागी बसेल. एकटे गलबत मोठ्या जहाजाभोवती नुसते घोंघावत राहील. राज्याने जे घ्यावयाचे ठरविले ते जहाज नव्हेच, तो एक संच होता.

येथे कोकणचा किनारा नजरेसमोर आणावा लागतो. आनेकलसारख्या ठिकाणी बसून, जेथून कोणताही समुद्र गाठावयाचा तर घाट उतरून दिवसभराचा प्रवास करावा लागतो, हे लिहिणे काहींना चमत्कारिक वाटेल. पण ज्यांनी हे आरमार उभारले ते तरी मूळचे कोठले दर्यावर्दी? येथून सुमारे ३६ किलोमीटरांवरचे बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर. भोसल्यांचे सारे आयुष्य घाटावर आणि घोड्यावर गेलेले. १६५७ च्या अखेरीस कल्याण-भिवंडी हाती आली तेव्हा महाराजांच्या पदरी खाडी आली, आणि खाडीबरोबर पोर्तुगीज व सिद्दी हे शेजारी आले. जहाजे बांधण्यास आरंभी त्यांनी फिरंगी कारागीरही लावले. पण परक्या कारागिराकडून परक्या घाटाचे मोठे जहाज मात्र त्यांनी करवून घेतले नाही. कोळी, भंडारी आणि किनाऱ्यावरचे मुसलमान खलाशी जे हाकीत आले होते, तेच त्यांनी वाढविले आणि तोफांनी सजविले. दौलतखान आणि मायनाक भंडारी ही नावे या निवडीची साक्ष देतात. जहाज निवडले म्हणजे ते चालविणारी माणसेही निवडली जातात.

कोकणच्या बंदरांना खाड्या आहेत, आणि बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा उथळ दांडा आहे. खोल बुडाचे जहाज भरतीची वाट पाहत बाहेर थांबते; उथळ बुडाचे आत शिरते आणि नाहीसे होते. वारेही तसेच वाटणीचे. उघाडीच्या महिन्यांत पहाटे जमिनीवरून मतलई सुटते, ती दुपारपर्यंत मंदावते, मग समुद्रावरून वारा येतो. मधल्या घटकांत पाणी आरशासारखे होते. या मधल्या घटकांत ज्याच्याजवळ वल्ही तोच धनी. पावसाळ्याचे चार महिने तर कोणालाच समुद्र नाही. त्या वेळी जहाजे खाडीत आत घ्यावयाची, वर ओढावयाची, डागडुजी करावयाची. मध्यम जहाज वर ओढता येते. मोठ्याला गोदी लागते. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत गिर्ये येथे आंग्र्यांनी खडक कोरून जी गोदी केली, ती सुमारे ३५५ फूट लांब व २२७ फूट रुंद आहे. तेवढे काम एका ठिकाणी झाले. प्रत्येक खाडीत होणे शक्य नव्हते.

लाकडाचा विचार तर आज्ञापत्रात फार हळुवारपणे आलेला आहे. सागवान लागेल ते राज्यातील अरण्यातून हुजूरच्या परवानगीने तोडावे, अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाची झाडे आरमाराच्या उपयोगाची खरी, पण त्यांना हात लावू नये. कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे. या उपदेशाचे कौतुक पुष्कळांनी केले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या प्रकरणात तो आला आहे ते जहाजबांधणीचे प्रकरण आहे, हे विसरून चालणार नाही. तीनशे टनांपलीकडचे जहाज म्हटले की त्याला लांबच लांब, जाड, एकसंध ओंडके हवेत. गुराबा-गलबतांचे काम त्यापेक्षा आखूड लाकडावर भागते. राज्याने मध्यम जहाज पत्करले तेव्हा रयतेच्या परसातले आंब्याचे झाडही त्यात वाचले, असा माझा तर्क आहे.

आणि तोफा? चांगल्या तोफा फिरंग्यांकडून विकत घ्याव्या लागत, आणि विकणारे बहुधा पुढचे शत्रूच असत. साठ तोफांचे एक जहाज सजविण्यापेक्षा त्याच साठ तोफा पाच-सहा गुराबांवर वाटलेल्या बऱ्या. एक बुडाली तरी बाकीच्या राहतात.

ही निवड १६६५ मध्येच दिसू लागते. त्या वर्षी महाराजांनी मालवणहून बसरूरवर स्वारी केली. बसरूर आज कर्नाटकाच्या उडुपी जिल्ह्यात आहे. तेव्हा ते बिदनूरकरांचे संपन्न बंदर होते. कारवारच्या इंग्रजांनी या आरमाराची मोजणी लिहिली आहे : ८५ लहान जहाजे आणि मोठी अवघी तीन. महाराजांनी स्वतः केलेली अशी ही सागरी स्वारी एकच, आणि तीत मोठ्या जहाजांचे स्थान एवढेच.

पुढे १६७९ मध्ये खांदेरीला खरी परीक्षा झाली. मुंबई बंदराच्या दक्षिणेस असलेल्या या बेटावर महाराजांनी तटबंदी सुरू केली आणि इंग्रजांनी ती थांबविण्यासाठी वेढा दिला. १८ ऑक्टोबरला पहाटे चाळीस-पन्नास गलबते त्यांच्यावर चालून गेली. इंग्रजांची ‘डव्ह’ नावाची गुराब मराठ्यांनी धरली, इतर लहान जहाजे पळाली. पण ‘रिव्हेंज’ ही त्यांची मोठी फ्रिगेट एकटीच उभी राहिली, आणि तिच्या तोफांपुढे सबंध गलबतांचा जमाव मोडून नागोठण्याच्या खाडीकडे निघून गेला. आपल्याकडे हा उत्तरार्ध कित्येकदा गाळला जातो. गाळण्याचे कारण नाही. गुराबांच्या जोडीवाचून नुसत्या गलबतांनी मोठ्या जहाजाशी उघड्यावर सामना दिला तर काय होते ते त्या दिवशी दिसले. मात्र खाडीच्या उथळ पाण्यात ‘रिव्हेंज’ला त्यांच्या मागे जाता आले नाही, आणि त्याच गलबतांनी पुढेही रात्री-अपरात्री बेटावर माणसे, दाणागोटा आणि चुना-दगड पोचविणे चालूच ठेवले. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी माघार घेतली. बेट मराठ्यांकडे राहिले. लढाई कोणी जिंकली, यापेक्षा खांदेरीचे बांधकाम कोणी पुरे केले, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

कान्होजी आंग्र्यांच्या काळात या संचाला त्याचे खरे मालक मिळाले. १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगिजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर इंग्रज चालून आले, आणि दोन्ही वेळा हात हलवीत परत गेले. मधल्या १७२० च्या विजयदुर्गावरील मोहिमेसाठी त्यांनी एक निराळीच वस्तू तयार केली होती : सपाट बुडाचे, जाड भिंतींचे, अवजड तोफांनी भरलेले एक तरते बुरूज, नाव ‘फ्राम’. गोळ्यांना ते दाद देणार नव्हते, पण सुकाणूलाही देईना. ज्याला हालता येत नाही असे थोर जहाज करू नये हे वाक्य अमात्यांनी त्यापूर्वी पाचच वर्षे लिहिले होते. मुंबईच्या कौन्सिलाच्या वाचनात ते आले असण्याचा संभव अर्थातच नाही. पण गंमत अशी की, त्याच कौन्सिलाने मुंबईच्या आरमारात स्वतःच्या गुराबा आणि स्वतःची गलबते ठेवली होती, नावांसकट. या किनाऱ्यावर त्याहून सोयीचे जहाज त्यांनाही सापडले नाही.

कान्होजी १७२९ मध्ये वारले. त्यांच्या मुलांतील कलहाची कथा येथे नको. जहाजांपुरते बोलावयाचे तर ही पद्धत त्यानंतरही सत्तावीस वर्षे चालली. १७३५ च्या अखेरीस विलायतेहून आलेले ‘डर्बी’ हे कंपनीचे मोठे जहाज संभाजी आंग्र्यांनी धरले. १७४९ मध्ये तुळाजीने ‘रिस्टोरेशन’ घेतले. १७५४ मध्ये ५०, ३६ व १८ तोफांची तीन डच जहाजे त्याच्या आरमाराला सापडली. दोन मोठी जाळली गेली, तिसरे पकडले गेले.

त्यापुढच्या वर्षी मात्र हिशेब उलटला. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्स ४४ तोफांचे ‘प्रोटेक्टर’ घेऊन सुवर्णदुर्गावर आला. बरोबर पेशव्यांच्या ७ गुराबा आणि ६० गलबते होती; म्हणजे एका संचासमोर दुसरा तसाच संच, आणि त्यात भर एक मोठे जहाज. तुळाजीचे आरमार बंदरातून निसटले आणि दक्षिणेकडे पळाले. वारा अगदी मंद. ऑर्म सांगतो की, पळणाऱ्यांनी जहाजांवरचे अवजड सामान समुद्रात फेकले, असतील नसतील ती शिडे चढविली, एवढ्यानेही भागेना तेव्हा अंगावरचे कपडे आणि डोक्यावरची पागोटी सोडून वाऱ्याला धरली. पेशव्यांची जहाजे एरवी इंग्रजांच्या पुढे चालत. त्या दिवशी आंग्र्यांच्या तोफांच्या धाकाने ती मागे राहिली आणि ‘प्रोटेक्टर’ एकटेच पाठलागावर गेले. पागोटी शिडाला बांधणारे ते खलाशी मराठी, मागे रेंगाळणारेही मराठी. पळणारे त्या दिवशी निसटले, परंतु सुवर्णदुर्ग गेला.

फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन विजयदुर्गावर आला तो साठ-सत्तर तोफांची जहाजे घेऊन. तुळाजीचे आरमार किल्ल्याच्या आश्रयाला बंदरात एकमेकांना बांधून उभे केलेले होते. एक पेटता गोळा येऊन एका जहाजावर पडला, आणि बघता बघता गुराबा, गलबते, धरलेली विलायती जहाजे, सारी जळून गेली. याचा दोष मध्यम जहाजांवर टाकणारे लोक आहेत. मला तो निर्णय मान्य होत नाही. हलणे हाच ज्यांचा गुण ती जहाजे दोरांनी एकमेकांना जखडून ठेवल्यावर त्यांच्याजवळ उरले काय? शिवाय ही जहाजे किनाऱ्यावरच्या मुलखाच्या आधाराने लढण्यासाठी बांधलेली. तोच मुलूख आता पेशव्यांच्या फौजेने पाठीमागून घेरलेला होता.

तथापि दुसरी बाजूही मांडली पाहिजे. किनारा सोडून खोल समुद्रात जाऊन विलायतेहून येणारी वाट अडविणे या आरमाराला कधीच शक्य नव्हते, आणि तसे करण्याचा विचार आज्ञापत्रात कोठे दिसत नाही. मुंबईकराला एक जहाज गेले तर दोन वर्षांनी दुसरे येई; ती येण्याची वाट मोकळीच राहिली. मध्यम जहाज घेताना राज्याने काय मिळविले ते स्पष्ट आहे : खाडी, वेग, कमी खर्च, आपली माणसे, आपले लाकूड. त्याच वेळी काय सोडले तेही तितकेच स्पष्ट आहे. १७१५ मध्ये ते सोडणे परवडण्यासारखे होते. १७५० नंतर परवडेनासे झाले, आणि दरम्यानच्या काळात ते जुने टिपण कोणी पुन्हा वर मागवून तपासल्याचे दिसत नाही.

विजयदुर्ग पुढे पेशव्यांच्या आरमाराचे ठाणे झाला. आनंदराव धुळपांनी एप्रिल १७८३ मध्ये रत्नागिरीजवळ कंपनीचे ‘रेंजर’ धरले, ते थोड्या मोठ्या जहाजांच्या जोडीला बरीच गलबते घेऊनच. १८१८ मध्ये पेशवाई बुडेपर्यंत ती बांधणी आणि ते प्रमाण थोड्याफार फरकाने तसेच राहिले. गिर्ये येथील गोदी अजून आहे. तिच्यात आता गाळ भरला आहे.